चंपा गमरेची होडी

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे एक तळं आहे. देवळाबिवळाचं नव्हे. गिरणी चालू होती तेव्हा बॉयलरला पाणी लागायचं, त्यासाठी खणलेलं. पुढे गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, भोंगा भंगारात गेला. तळं मात्र कोर्टाच्या भानगडीत सापडलं आणि त्यामुळेच बुजवायचं राहून गेलं. पलीकडच्या काठावर आता काचेचा टॉवर उभा आहे. अलीकडच्या काठावर तळेवाडी. दुमजली चाळी, मधे पटांगण, एका कोपऱ्यात बुद्धविहार, दुसऱ्या कोपऱ्यात गणपतीचा चौथरा आणि पाण्याला लागून दगडी पायऱ्या.

या वाडीत चंपा गमरे लग्न होऊन आली ती एकोणिसाव्या वर्षी. नवरा गिरणीत होता. संपानंतर रे रोडच्या लाकडाच्या वखारीत लागला आणि तिथेच म्हातारा होऊन गेला. चंपाने महापालिकेच्या शाळेत शिपाईबाई म्हणून नोकरी केली, मुलगा अभयला शिकवलं, तो पुण्याला गेला. सांगण्यासारखं आयुष्य एवढंच. पण चंपाला सांगायला फार आवडायचं, म्हणून ती त्यात भर घालायची.

शाळेत असताना एकदा तिने स्टाफरूमच्या दारातून नुसतं डोकं आत घालून सांगितलं, "साहेब जिन्यात आहेत." बघता बघता वर्गावर्गांतून पाढे सुरू झाले, फळे पुसले गेले, कुणी तरी बागेतल्या कुंडीला पाणीसुद्धा घातलं. मुख्याध्यापकांनी नंतर तिला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "सर, जिन्यात कुणीतरी होतं. मला वाटलं तपासणीवाले साहेब. दूधवाला निघाला."

यात तिचा फायदा काही नसायचा. "खोटं बोलणारी बाई वेगळी," ती म्हणायची. "मी फक्त सांगताना जरा फोडणी देते."

मे महिना लागला की तळेवाडीचे दोन भाग पडायचे. एक गावी जाणाऱ्यांचा आणि दुसरा राहणाऱ्यांचा. कुडाळ, कणकवली, देवगडवाल्यांच्या खोल्यांना कुलपं लागायची आणि सगळ्या चाव्या चंपाकडे यायच्या. तुळशीला पाणी घाल, मांजराला बघ, खिडकी वाजली तर लाव. राहणारे म्हणजे ज्यांना सुट्टी नाही ते, आणि ज्यांना गाव नाही ते. चंपाचं सासर खेडच्या बाजूचं, पण तिथलं घर पुतण्यांनी आपसांत वाटून घेतलं होतं आणि त्या वाटणीत चंपाला टेकायला एक कोपराही शिल्लक नव्हता. ती हे कुणाला सांगत नसे. "मला बाई इथलाच उन्हाळा आवडतो," असं म्हणायची.

शाळा सुरू व्हायच्या आत गाववाले परतायचे, तेव्हा खरा त्रास असायचा. लक्ष्मीवहिनी परब या त्यांच्या पुढारी. पिशवीतून काजूगर काढून चंपाच्या हातावर ठेवायच्या आणि मान एका बाजूला कलती करून म्हणायच्या, "आमच्या झाडाचे हत गो. गावाक काय तो वारो! दुपारचां गोधडी घेऊन झोपायचो. तू बिचारी हय उकडून निघालीस असशील."

ते 'बिचारी' चंपाला फार लागायचं. एका वर्षी तिच्याने राहवलं नाही.

"उकडायला वेळ कुठे होता वहिनी? आम्ही रोज संध्याकाळी होडीत."

"होडीत?"

"तळ्यात होडी आणली होती ना आपल्या कुशाबाने. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

कुशाबा पायरीवर गळ टाकून बसला होता. एकटा माणूस. दारूखान्याच्या बंदरात जुनी जहाजं तोडायच्या कामावर आयुष्य काढलेलं, आणि आता तळ्यातून कधीही मासा न काढता रोज गळ टाकून बसणारा. त्याने पाण्यावरची नजर न हलवता सांगितलं, "दोन वल्ह्यांची."

झालं. पुढच्या वर्षी त्यात चांदण्यातली पंगत आली, केळीची पानं आली, वारा तर असा की पानावर पेला ठेवावा लागला. त्याच्या पुढच्या वर्षी साठीच्या पुढच्या बायकांची पोहण्याची शर्यत आली. तीत चंपा दुसरी आली होती. पहिली आले म्हणून सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, एवढी अक्कल तिला होती.

खरं म्हणजे राहणारे संध्याकाळी पायऱ्यांवर बसायचे, पाण्यात पाय सोडायचे, पेपराने वारा घ्यायचे आणि म्युनिसिपालिटीला शिव्या द्यायचे. परळच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून अंबिका यायची, ती नर्स होती. तिने येताना बर्फ आणला तर कैरीचं पन्हं व्हायचं. एवढाच काय तो सोहळा. पण थाप सगळ्यांना आवडायची. परतलेल्यांपैकी कुणी विचारलं की प्रत्येक जण आपल्या पदरचं काहीतरी जोडायचा. अंबिकाने तर होडीत बसून उलटी झाल्याचंही सांगितलं होतं.

आणि मग ती भीमजयंती आली. पटांगणात मंडप होता, अख्खी वाडी जेवायला होती, चंपा कमरेला पदर खोचून पुऱ्या वाढत होती. लक्ष्मीवहिनींनी ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "चंपा, यंदा मी नाय जाणार गावाक. ह्यांका पाठवतंय. मी रवतंय तुमच्यात. होडीत बसूचां आसा माका."

चंपाच्या हातातली पुरी ताटावर पडायच्या ऐवजी वहिनींच्या पायावर पडली.

"आणि ती शर्यत," पुरी उचलत वहिनी म्हणाल्या, "तीत माझां पण नाव घाल."

त्या संध्याकाळी पायऱ्यांवर तातडीची बैठक बसली. चंपा, कुशाबा आणि अंबिका.

"सरळ खरं सांगून टाका मावशी," अंबिका म्हणाली.

"कसं सांगू? इतकी वर्षं वाढवलेली थाप आहे गं. आता ती घरातलं माणूस झालीय. तिला बाहेर कशी काढू?"

"शर्यत रद्द करू," कुशाबा म्हणाला. "पाण्यात साप दिसला म्हणून सांग. पंगत आपल्याला जमेल. बुद्धपौर्णिमेला ठेवू, चांदणं आयतंच मिळेल."

"आणि होडी?"

कुशाबाने गळ वर ओढला. त्याला प्लास्टिकची पिशवी लागली होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "होडीचं मी बघतो."

रे रोडला दारूखान्यात, तुटलेल्या जहाजांच्या पोटातून जे निघतं ते सगळं विकायला असतं. दारं, सोफे, घंटा, कपबशा, काय वाटेल ते. कुशाबाच्या ओळखीच्या हितेंद्रचं तिथे दुकान होतं. चंपा कुशाबासोबत तिथे गेली. एका लोखंडी जिन्याच्या मागे, आंघोळीच्या टबाला टोक काढावं तशी, नारिंगी रंगाची फायबरची होडी उताणी पडली होती. तिच्यावर कुठल्याशा परदेशी लिपीत नाव होतं. कुशाबा म्हणाला रशियन, चंपा म्हणाली चिनी.

"काका, होडी कशाला पाहिजे?" हितेंद्रने विचारलं. "कुठे जायचंय?"

"बायकांचं नाटक आहे," चंपा म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. "नदी पार करायचा सीन आहे."

"न्या मग. पण परत आणा. आणि खाली एक भोक आहे हां. छोटंसंच आहे."

"वल्हं एकच कसं रे?" कुशाबाने विचारलं.

"दुसरं बुडालं असेल जहाजाबरोबर."

"जहाज बुडालं असतं तर तोडायला तुझ्याकडे कसं आलं असतं?"

हितेंद्रने यावर चहा मागवला.

दुपारी लक्ष्मीवहिनींचा डोळा लागलेला असताना टेम्पो वाडीत शिरला. होडी विहाराच्या मागे ताडपत्रीखाली लपवली. कुशाबाने भोकावर डांबर थापलं. तरी चंपाचं समाधान होईना. होडी दरवर्षीची दिसायला हवी होती. तिने नारिंगी अंगावर थोडा चिखल फासला, परदेशी नावावर पांढरा ऑइलपेंट मारला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'तळेराणी'. खाली बारीक अक्षरांत, 'वर्ष चौथे'.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी होडीला एक प्रदक्षिणा घातली.

"वर्सभर ठेवतास खंय हिका?"

"गिरणीच्या शेडमध्ये."

"शेड तर दिवाळीतच पाडली."

"म्हणून तर बाहेर काढावी लागली ना," चंपा म्हणाली आणि घाम पुसला. वहिनींनी नुसतं 'हं' केलं. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात चंपाची ती रात्र गेली.

बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी खीर वाटली. संध्याकाळी पंगतीची तयारी लागली. मासे नकोत असं विहारातल्या बायकांनी बजावलं होतं, तेव्हा लक्ष्मीवहिनींनी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं आणि आंबोळ्यांचा डोंगर घातला. केळीची पानं दादरच्या मार्केटातून आली. पायऱ्यांवर पणत्या लागल्या. राहणारे सगळे होतेच, शिवाय गावी जायला निघालेली दोन घरं 'एवढं बघून जाऊ' म्हणून थांबली. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांत लोक मोबाइल घेऊन उभे राहिले. चंपाने इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या मनात आलं, बाई, हे तर मी सांगितलं होतं त्यापेक्षा बरं दिसतंय.

"चला, होडी!" लक्ष्मीवहिनी म्हणाल्या. नवी कोरी साडी नेसून त्या होडीत जाऊन बसल्यासुद्धा. "चंपा, ये. दर वर्साची मानकरीण तू."

चंपाला पाण्याची भयंकर भीती. खाली विहीर आहे म्हणून माहेरी ती कधी आंब्यावरही चढली नव्हती. पण सगळ्या वाडीचे डोळे तिच्यावर होते. तिने साडी आवरली, भगवंताचं नाव घेतलं आणि बसली. कुशाबाने होडीला ढकललं.

एका वल्ह्याची होडी सरळ जात नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ती गोल फिरायला लागली.

"डावीकडे मार!" काठावरून कुशाबा ओरडला.

"डावीकडेच मारतेय मेल्या!"

"मग उजवीकडे मार!"

गोल गोल फिरत होडी तळ्याच्या मध्यावर गेली आणि तिथे जलपर्णीत अडकून थांबली. काठावरचा गलका लांब गेला. चंपाच्या अंगठ्याला गार लागलं. तिने खाली बघितलं. डांबर सुटलं होतं. तिने हळूच त्या जागेवर टाच दाबून धरली, वर पदर पसरला आणि टॉवरकडे बोट दाखवून म्हणाली, "किती उंच बांधलंय ना वहिनी?"

"चंपा, तुका पोहता येता?"

"म्हणजे काय! शर्यतीत दुसरी आले होते की."

"खरां सांग. माझ्या पायाखाली पाणी इला."

चंपाने वर केलेलं बोट खाली घेतलं. मग म्हणाली, "नाही येत."

"आणि होडी कधी नव्हतीच."

"नव्हती." एवढं बोलल्यावर चंपाला एकदम हलकं वाटलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिवशी. कुशाबा 'दोन वल्ह्यांची' म्हणालो, तेवाच. जो माणूस मासो गावलो म्हणून पण कधी खरां बोलाक नाय, तेचो इश्वास कोण ठेवतलो?"

"मग इतकी वर्षं ऐकून कशाला घेतलंस?" चंपाच्या तोंडून 'तुम्ही' गळून गेलं, तिलाही कळलं नाही.

वहिनींनी पाण्यात हात घातला आणि जलपर्णीचं एक पान तोडलं. "बरां वाटायचां. गावात बसून आठवायचंय, आता चंपा होडीत बसली असात." त्या हसल्या. "गोधडी घेऊन झोपतंय म्हणून सांगतंय ना तुका? दिराचां घर ता. अख्ख्या गोतावळ्याचां मी चुलीवर रांधतंय. दुपारी जरा डोळो लागलो तर जाऊबाय भांडी आपटता. वारो आसता, नाय कशाक म्हणू? पण तो पडवीत. मी रांधपाच्या खोलीत."

चंपाने टाच आणखी घट्ट दाबली. मग तिला काहीतरी आठवलं.

"आणि ते काजूगर? तुमच्या झाडाचे?"

वहिनी टॉवरकडे बघायला लागल्या. "उंच बांधल्यानी हा खरो."

"वहिनी!"

"लालबागच्या दुकानातले."

"लालबागच्या?" चंपा ताडकन उठली. "अगं, मी त्यांची उसळ करून अख्ख्या मजल्यावर वाटली! सगळ्यांना सांगितलं, झाडाच्या काजूची चवच वेगळी! कुशाबाने तर बोटं चाटली!"

"बस खाली! होडी हलता!"

"लबाड कुठली! आणि मला बिचारी म्हणायचीस!"

मग लक्ष्मीवहिनींना हसू फुटलं. ते बघून चंपालाही आवरेना. दोघीही साठी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या बायका. त्या पोट धरून हसायला लागल्यावर तळेराणीने एक मोठा हेलकावा खाल्ला, टाचेखालचं भोक मोकळं झालं आणि होडी दोघींना घेऊन शांतपणे खाली बसली.

काठावर एक किंकाळी उठली. ती अंबिकाची होती. पण तळं मध्यावरसुद्धा कमरेइतकंच खोल होतं. दोघी पाण्यातून उभ्या राहिल्या, डोक्यावर जलपर्णी, अंगभर चिखल, आणि अजून हसतच होत्या. टॉवरच्या बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. तिथल्या लोकांना वाटलं कार्यक्रमातच आहे. कुशाबाने प्रसंग ओळखला आणि दोन्ही हात वर करून आरोळी दिली, "शर्यत! शर्यत सुरू झाली!"

लक्ष्मीवहिनी जन्माने खाडीकाठच्या. त्यांनी पदर खोचला, पाण्यात अंग झोकून दिलं आणि हातपाय मारत सरळ पायऱ्या गाठल्या. चंपा मागून चिखल तुडवत, होडीच्या नावाने बोटं मोडत, चालत आली.

शर्यतीत ती दुसरी आली.

साड्या बदलून दोघी पंगतीला बसल्या तेव्हा गोदामांच्या पत्र्यांवरून चंद्र वर आला होता. सांबारं तिखट होतं, खीर गोड होती. दुसऱ्या दिवशी दोर लावून सगळ्यांनी मिळून होडी ओढून काढली. परत करायला गेल्यावर हितेंद्रने विचारलं, "नाटक कसं झालं?"

"नाटक चाललं," कुशाबा म्हणाला. "होडी पडली."

गाववाले परतले तेव्हा त्यांच्यातल्या बायका पायऱ्यांवर जमल्या आणि यंदा काय काय झालं म्हणून विचारू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा चंपाकडे सांगायला खरी गोष्ट होती. तिने घसा साफ केला. पण लक्ष्मीवहिनी आधीच सुरू झाल्या होत्या. त्यांच्या सांगण्यात होडीत बेंजोवाले होते, टॉवरवरून फुलं उधळली होती आणि तळ्याच्या मध्यावर एक भलंमोठं कासव होडीला टेकून उभं राहिलं होतं. "विचारा चंपाक," त्या म्हणाल्या. चंपाने नुसती मान हलवली. कासव तिला सुचलं नसतं, हे तिने मनातल्या मनात मान्य केलं.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनींना गावी जावं लागू नये अशी व्यवस्था चंपाने करून दिली. थाप तिने रचली आणि फोनवर अंबिकाने हॉस्पिटलच्या आवाजात सांगितली. लक्ष्मी परब यांना चुलीचा धूर अजिबात वर्ज्य आहे, विश्रांतीची गरज आहे. पलीकडे जाऊबाई घाबरल्या. इतक्या घाबरल्या की दोन दिवसांत स्वतःच वहिनींना बघायला मुंबईत हजर झाल्या.

मग सगळ्या वाडीची धांदल उडाली. वहिनींनी गादी धरली. जिन्यात जाऊबाईंची चाहूल लागली की चंपा खोकायची खूण करायची आणि वहिनी खोकायच्या. स्वयंपाक अंबिकाच्या आईने घेतला. जाऊबाईंना कुणी काही कामच करू देईना. पहिल्या दिवशी त्या दारात अवघडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पायरीवर येऊन बसल्या. नंतर पाण्यात पाय सोडून बसल्या, कुणी हातात दिलेलं पन्हं प्यायल्या आणि अंबिकाला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मे महिन्यात माका कोणी बसून खाऊक देवक नाय."

आठवड्याने गावाहून जाऊबाईंच्या नवऱ्याचा फोन आला. परत कधी येतेस म्हणून विचारत होते. चंपा शेजारीच वाटाणे निवडत बसली होती, म्हणून तिला सगळं ऐकू आलं. लक्ष्मीवहिनी तेव्हा समोरच्या पायरीवर कुशाबाशी कडाक्याचं भांडत होत्या, आवाज टॉवरपर्यंत जात होता.

जाऊबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, फोनला हाताचा आडोसा करून आवाज बारीक केला आणि म्हणाल्या, "नाय हो. हिका काय बरां वाटणा नाय अजून. माका थांबूचां लागतला."